अकरा फेरे

बेनकर वस्तीच्या टाकीखाली
लायगुडे मामा पहाटे पावणेचारला
लोखंडी चावी व्हॉल्व्हवर बसवतात
आणि तोंडातल्या तोंडात मोजतात. अकरा फेरे.
दहावर थांबलं तर वरच्या गल्लीतून फोन,
बारा झाले तर खालचा जोड गळतो.

मामा मार्चअखेर रिटायर.
मग तिथे माझा डबा बसणार:
तळहाताएवढा बोर्ड, एक मोटर,
काम एकच. उघड, मोज, बंद कर.
एवढ्यासाठी अख्खं उबुंटू म्हणजे नाकापेक्षा मोती जड.
ब्लूटूथ कुणाला हवंय? प्रिंटर?
टाकीखाली कोण छापणार आहे लग्नपत्रिका?

म्हणून नऱ्ह्याच्या भाड्याच्या खोलीत
दिवाळीपासून मी काहीच बनवत नाहीये,
नुसतं काढून टाकतेय.

योक्टोचं सगळं रीतसर.
थरावर थर, आणि पदार्थागणिक कृती.
घरात पातेलं असलं तरी तो आधी पातेलं घडवणार.
संध्याकाळी सातला लावलं,
लॅपटॉपचा पंखा रात्रभर कण्हत राहिला,
सकाळी डिस्कवर साठ जीबी खरकटं
आणि ताटात एवढासा घास.
घास मात्र सुरेख, खोटं का बोलू.
कुठला दाणा कुठून आला, कोणत्या परवान्यावर,
सगळं लिहून ठेवलेलं.
शंभर माणसांची कंपनी असती
तर त्याच पंगतीला बसले असते.
मी एकटी. आणि सुशांत, शनिवारपुरता.

बिल्डरूट साधं. निळ्या पडद्यावर यादी,
खुणा करा, मेक म्हणा, जेवून या.
पण एखादी खूण पुसली
तरी ती वस्तू आत बसूनच राहते,
खोली सोडून गेलेल्या भाडेकरूच्या दारावरच्या पाटीसारखी.
मग पायापासून पाडा, पुन्हा बांधा.
पाडलं. पुन्हा बांधलं.

मधेच अल्पाइन. तयार मिळतं, चिमूटभर.
पण भोसरीच्या मोटरवाल्यांनी दिलेला प्रोग्राम
दुसऱ्या लायब्ररीच्या बोलीतला,
सोर्स मागितला तर साहेब सुट्टीवर.
अल्पाइन म्हणालं, अशी फाइलच नाही.
फाइल समोर होती. मी तिच्याकडे बघत होते.

शनिवारी सुशांतने युनिकर्नल काढलं.
प्रोग्राम तोच कर्नल, शेल नाही, लॉगिन नाही,
"दारच नाही तर चोर शिरेल कुठून?"
मला मोह पडला. पडणारच.
इतके दिवस काढून टाकता टाकता
हात त्याच दिशेला गेला होता.

गुरुवारी पाणी बंद, मामा मोकळे.
खड्ड्यात उतरून व्हॉल्व्हला ग्रीस लावत होते.
म्हटलं, मामा, आता एवढं कमी करणार आहे
की आत बिघडायला काही उरणारच नाही.
त्यांनी दांड्याच्या टोकाचा चौकोन फडक्याने पुसला.
"चावी माझी चोरीला गेली होती एकदा.
तेव्हा साध्या पान्याने फिरवलं दोन दिवस.
काय कमी करायचं ते करा, ताई.
हा चौकोन तेवढा ठेवा."

रात्री बिल्डरूटच्या यादीत
बिझीबॉक्सच्या शेलवर पुसलेली खूण परत केली.
बोर्डाच्या कडेला तीन पिनांची सिरियल जागा,
कुणी तरी, कधी तरी, वायर जोडून विचारेल: काय झालं रे?
एक एमबी वाढला. सुशांत हळहळला.
मी नाही.

परवा पहाटे पहिली चाचणी.
मोटर घरघरली, स्क्रीनवर आकडे चढले,
नऊ, दहा, अकरा, थांबली.
मी टाळी वाजवणार,
तर मामा पाइपवर तळवा टेकवून उभे, डोळे मिटलेले.

"अजून अर्धा," म्हणाले.

अर्धा?
मी तिथे पूर्णांक लिहिला होता.