चाळीस लिटर

कुंडईच्या पठारावर आमच्या शेडमध्ये
एक लांबलचक भट्टी आहे, तिच्यात आग नाही.
छापलेली फिल्म एका तोंडातून ओली शिरते,
दुसऱ्यातून कोरडी येते. पुढे तिचे बिस्किटांचे पुडे होतात.
मधल्या नऊ मीटरांत शाईतलं टोल्युइन उडून जातं.
ते परत धरून आणायचं,
हे माझं काम.

पंखा हवा ओढतो, कोळशाच्या टाकीत सोडतो.
कोळसा करवंट्यांचा.
पहिलं पोतं फोडलं तेव्हा मूठभर घेऊन पाहिला:
कुणाच्या तरी हुमणातला नारळ असणार,
खोबरं माणसांनी खाल्लं,
करवंटी आता वास खाते.
पोट भरलं की तिला वाफ द्यायची.
मग खाल्लेलं सगळं ओकते,
गार नळ्यांतून ते खाली उतरतं
आणि काचेत दोन थर दिसतात,
खाली पाणी, वर टोल्युइन,
मधे एक रेघ,
हात न थरथरणाऱ्या माणसाने ओढलेली.

“म्हणजे भाटीच की रे,” कायतान म्हणाला,
“भाण, नळी, लावणी.
फक्त प्यायचं नाही.”
बेतकीला त्याची काजूची भाटी.
लावणीवर दिवसभर पाणी ओतत बसतो,
तरी सगळ्या वाड्यावर वास,
छपरात मधमाश्या.
तो म्हणतो, वाऱ्याचा वाटा. द्यावाच लागतो.

आमच्या वहीत तसा रकाना नाही.
आणलं, वापरलं, परत मिळालं.
मार्चअखेरीस चाळीस लिटर जमेनात.
वेलिंगकर मॅडमनी तीनदा बेरीज केली,
म्हणाल्या, शोध.
गॅस्केटं पाहिली. जोडांना साबणाचा फेस लावून
रात्री दोन वाजता बॅटरी धरून बसलो,
एक बुडबुडा आला नाही.
वहीत लिहिलं: वाऱ्याचा वाटा.
खोडलं.
शर्ट बदलला, घरी गेलो.
दारातच पोर म्हणाली, रंगाचा वास येतोय.
मला येत नव्हता.

सगुण या भट्टीच्या तोंडाशी एकोणीस वर्षं होता,
कोळशाच्या टाक्या यायच्या आधी.
तेव्हा धुराडं उघडं,
जे गेलं ते कुणी मोजलं नाही.
आता त्याच्या घरात भात करपला
तर आधी कुत्रं उठून बाहेर जातं,
ते पाहून सगुण चुलीकडे धावतो.
हसत सांगतो हे. आम्हीही हसतो.

रविवारी कायतानने हुर्राक काढला.
सगुणने पेला उजेडात धरला,
हलवला, कडेवरचे मणी मोजल्यासारखे पाहिले
आणि न पिता माझ्याकडे सरकवला.
“यंदा वास कसा आहे, सांग.”

मी पेला नाकाशी नेला.
कायतान हातातली कळशी तशीच धरून थांबला.
लावणीवरचं पाणी कोमट होत चाललं होतं.
“सांग की,” सगुण म्हणाला.

मी डोळे मिटले,
पुन्हा श्वास घेतला.