मानस

घरी सांगितलं होतं, दाढ दुखते.
दाढेला कुणी विचारत नाही,
सगळं असताना कशाला दुखतेस.

सगळं म्हणजे: नवरा बोटीवर, महिन्याचे पैसे वेळेवर,
पोरगा नववीत, वर सिमेंटची गच्ची,
आणि मी, सकाळी बांगडे कापायला बसलेली,
दुपारीही तशीच, विळीवर,
मांजराने तीन नेले तरी.

सासूने देवीला कौल लावला.
उजवी पाकळी पडली. सगळ्यांना बरं वाटलं,
मलाही, दिवेलागणीपर्यंत.

मग गुरुवार. चोडणची फेरीबोट, रायबंदर, बस,
सांत इनेजला झेरॉक्सच्या दुकानावरचा जिना.
एकोणीस पायऱ्या.
दोन गुरुवार मी अकराव्या पायरीवरून परतले.

रास्तेबाई पुण्याकडच्या.
आधी थायरॉइड तपासायला लावलं (थोडं बिघडलेलं निघालं),
मग विचारलं, घरात पूर्वी कुणाला असं?
नाही म्हटलं.
परतताना फेरीबोटीत आठवला पुनोकाका,
तीन वर्षं बांधावर बसून असायचा.
गाव त्याला आळशी म्हणे.
आम्हीही.

मला एकच कारण हवं होतं,
नाव घेऊन भांडता येईल असं.
थायरॉइड? काका? बाबांचं जाणं?
की रात्री अडीचला बोटीवरून येणारा फोन,
"बरी आहेस ना" असा,
ज्यात "ना" आधीच बसवलेला?

चौथ्या खेपेला म्हटलं, बाई, आमची मानस...
त्या म्हणाल्या, मानस म्हणजे मन ना?
नाही हो, आमच्याकडे दार.
खाजनाच्या बांधातलं, लाकडी.
भरती आली की पाण्यानेच मिटतं,
ओहोटीला आपोआप उघडतं,
आतलं पाणी नदीत जातं.
फळी कुजली की नदी शेतात.
पण बांध काही एकट्या फळीने फुटत नाही,
कुर्ल्यांनी आधीच पोखरलेला असतो, सगळीकडे,
वरून गवत हिरवंगार.
आणि मग जमिनीतलं मीठ निघायला
तीन पावसाळे.
तोवर काय पेरायचं?
कोरगुट. तो खाऱ्यातही तग धरतो.

इतकं मी वर्षभरात कुणाशी बोलले नव्हते.

बाईंनी पाणी पुढे केलं.
फळी कोण बदलायचं?
बाबा.
आणि बाबा गेल्यावर?

खाली झेरॉक्सचं मशीन
कुणाचा तरी दाखला पुन्हा पुन्हा छापत होतं.
मी ते ऐकत राहिले.
मग रडले, बेढब, नाक गळेपर्यंत,
सहा वर्षं उशिरा.

बरं वाटलं असं नाही.
उलट दोन दिवस अंग ठणकत होतं.
गोळी रात्री नऊला. झोप चारपर्यंत,
आधी दोनपर्यंत होती.
बांगडे अजून कधी कापते, कधी नाही.

काल सासूला म्हटलं, दाढ नव्हती.
ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली,
"खबर आसा म्हाका.
फुडल्या गुरुवारी येताना
माझ्या गुडघ्याचं तेल आण."