निवडक कामं

पोर्टफोलिओत सहा कामं ठेवलीत.
त्यातली चार दुकानं अस्तित्वातच नाहीत.
'काजवा कॉफी'चा कप, पिशवी, पावती,
सगळं मीच केलं, धनकवडीच्या खोलीत,
कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत.

खरी कामं वेगळीच.
नारायण पेठेतल्या सरपोतदारांचं मेतकूट:
"आडनाव जरा मोठं करा. अजून. अजून थोडं."
शेवटी पाकिटावर मेतकुटाला जागा उरली नाही.
पैसे दिवाळीनंतर बघू म्हणाले.
कुठल्या दिवाळीनंतर, ते मी विचारलं नाही.

आणि एक फ्लेक्स, रात्री साडेअकराला सांगितलेला.
खालच्या मजल्यावरचे घाटपांडे काका गेले तेव्हा.
फोटो आधार कार्डावरचा. तासभर
त्यांच्या कानामागची भिंत पुसत बसले,
एकेक केस राखून.
'भावपूर्ण'मधला रफार
फॉन्टात सारखा घसरत होता,
तो हाताने उचलून 'ण'वर नीट ठेवला.
कुणाच्या लक्षात आलं नाही. येऊही नये.
चौदाव्या दिवशी चौकात तिथेच
कुणाच्या तरी वाढदिवसाचा लागला.
ते काम साइटवर नाही.

काल पहिली चौकशी आली, बाणेरहून:
"तुमची काजवा कॉफी नेमकी कुठे आहे?
रविवारी आईला घेऊन जायचं म्हणतोय."

उत्तर तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं.
मग त्या कपाकडे पहिल्यांदाच
गिऱ्हाइकासारखं पाहिलं.
कान जरा लहानच झालाय त्याचा.
म्हाताऱ्या माणसाचं बोट अडकेल.