व्हर्निअर

उद्यमबागेत, अकरा नंबरच्या शेडच्या दारात
भरमा उभा राहिला तेव्हा
त्याच्या नावावर बसची एक फुटकी काच होती.

मोनाप्पा मेस्त्रींनी केस विचारली नाही.
हातात व्हर्निअर दिला. वाच.
चुकला. परत वाच.
मराठीत चुकला, कन्नडमध्ये चुकला,
लेथ आपला फिरतच होता.

पहिल्या पगारात शहापुरातून
आईला चपला आणल्या.
केसभर फरक धरणारा गडी,
चपला एक नंबर लहान.
ती तशाच घालून गल्लीभर हिंडली.

काल ठाण्यातून नवं पोर आलंय.
नखं कुरतडतं, दाराशीच थांबतं.
मेस्त्री चहाला गेलेत, बहुतेक मुद्दाम.

भरमा खिशातला व्हर्निअर काढतो, पुसतो,
परत ठेवतो.
"जेवलास काय?"