कवडी

पाच वर्षांमागं सायकलवाल्याच्या टोपलीतनं आणली
तेव्हा गुलाबी होती, रंगात बुडवून काढलेली.
दोन महिन्यांत रंग उडाला आणि खालनं हे निघालं:
पांढऱ्यावर काळे ठिपके. म्हणून कवडी.
परसात अजून तिघी आहेत. त्यांना नावं नाहीत.

आता पोटात पाणी झालंय.
पाय फाकवून चालते, दिवस भरलेल्या बाईसारखी.
अंडं आतच फुटलं असणार, डॉक्टर म्हणाले,
सुईनं पाणी काढलं, पिवळं, चहाचा कप भरून.
दोन दिवस दाणे टिपले.
तिसऱ्या दिवशी पोट परत टम्म.
"भरणारच ते. किती वेळा काढायचं तुम्ही ठरवा.
नाहीतर एक इंजेक्शन असतं."
तुम्ही ठरवा.
हे मला आजवर फार जणांनी म्हटलेलं नाही.

हे उद्यमनगरातनं आले, लेथचं काळं तेल घासत म्हणाले,
ह्या घरात इतक्या कोंबड्या कापल्या,
तवा कुणाला इचारलंस व्हय?
खरंय. नव्हतं विचारलं.
पोरगं फोनवर हसलं: आई, कवडीसाठी सातशे रुपये?
भिंतीपलीकडनं आनंदीबाई:
औषध घालायच्या आधी सांगायचं न्हाईस,
रस्सा तरी झाला असता.
चुकीचं कुणीच बोलत नव्हतं,
म्हणून मी जास्त चिडलो.

मंगळवारी हरूनभाईचं दुकान रिकामं असतं.
म्हटलं, तूच बघ.
त्यानं हात पुसले. पाय धरून उलटी नाही केली,
छातीखाली तळवा घातला, दोन बोटांनी पोट चाचपलं.
आठ दिवसांत पहिल्यांदा ती गप्प झाली.
पंखा फिरत होता, हुकाला काही टांगलेलं नव्हतं.
"वहिनी, हिला दुखतंय."
रोग डॉक्टरांनी सांगितला होता. हे कुणी सांगितलं नव्हतं.
मग तूच कर, मी म्हटलं.
नको म्हणाला.
"माझा हात सवयीनं काट्याकडं जातो."

घरी येऊन भडंगातला शेंगदाणा टाकला तिच्यापुढं.
त्यासाठी ती पार स्वैपाकघरापर्यंत यायची, ताटात चोच घालायची.
मनात म्हटलं, खाल्लास तर थांबतो.
तिनं उचलला. मला वाटलं, सुटलो.
मग तसाच खाली ठेवला,
पोट भरलेल्या पाहुण्यानं वाढलेलं परत सरकवावं तसा.
नव्या शेंगदाण्यानं पुन्हा एकदा करून बघितलं.
ते मात्र मी कुणाला सांगितलं नाही.

सकाळी कसबा बावड्याहून केएमटी. वायरची पिशवी मांडीवर,
वरनं टॉवेल, टॉवेलाला हलकी धाप.
कंडक्टर म्हणाला, एक का दोन?
मी म्हटलं, जाताना दोन धर.
त्यानं एकच फाडलं.

"कोण धरणार?"
मी धरतो म्हटलं.
कोंबडीची पापणी खालनं वर मिटते.
इतकी वर्षं पाळली, हे मी कधी बघितलं नव्हतं.
उशिरा आलो की लवकर, हे विचारायचं होतं डॉक्टरांना.
ते पावती लिहीत होते.

रविवारी घरात रस्सा झाला.
मी खाल्ला. खोटं कशाला सांगू.
फक्त वाढताना मान बाजूला काढून ठेवली,
ह्यांनी बघितलं, बोलले नाहीत.

शेवग्याखाली हातभर खोल खड्डा घेतला होता, चुना टाकून.
तर त्या तिघी येऊन उकरायला लागल्या.
भुसभुशीत माती, गांडुळं वर आलेली.
हाकललं. परत आल्या. हाकललं.
शेवटी न्हाणीची उरलेली फरशी आणून घातली वर.
आता फरशीवर बसतात.
दहाच्या सुमाराला ऊन चांगलं येतं तिथं.