लाखात एक

वीत्स्के हारिंग्मा आज निवृत्त झाली.
केक होता. डीननं भाषण केलं,
तिच्या नावाचा उच्चार दोनदा चुकवून.

मी बाउके. तळमजल्यावरचं उंदीरघर सांभाळतो.
एकतीस वर्षं तिच्या उंदरांना दाणापाणी केलं.
मला कुणी बोल म्हटलं नाही,
म्हणून हे लिहितोय.

ती पहिल्यांदा खाली आली तेव्हा
हातमोजा न घालता पिंजऱ्यात हात घातला,
चावून घेतलं,
आणि आपलंच रक्त काचपट्टीवर घेऊन वर गेली.
मी म्हटलं, ही हाडाची शास्त्रज्ञ.
पुढे हा विनोद इतक्यांदा केला
की तिनं हसणं सोडलं.

काम सांगतो.
उंदराच्या मांडीचं हाड, अर्ध्या आगकाडीएवढं.
दोन्ही टोकं कापायची, सुईनं पाणी सोडायचं,
की बशीत लालसर गढूळ काहीतरी उतरतं.
मज्जा.
तिच्यात असते एक पेशी, लाखात एक,
जिच्यापासून सगळं रक्त पुन्हा उभं राहतं.
दिसायला शेजारणीसारखीच. ओळखायची कशी?
किरणांनी ज्याची मज्जा जाळली
अशा उंदराला टोचायची
आणि थांबायचं.
जगला, तर ती होती.
मेला, तर नव्हती.
मेलेले मी मोजायचो.

चारशे सतरा नंबरचा जगला. एकाच पेशीवर.
ती रात्री दोनला खाली आली, कोटाखाली झोपायचे कपडे,
आणि पिंजऱ्यासमोर बादली उलटी करून बसली.
बोललो नाही. तो दाणे खात होता, आम्ही ऐकत होतो.
मग त्याची मज्जा दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला.
उंदीर गेले एकेक.
भाडेकरू तीच, घरं कोसळत गेली.

पाचव्या घरात ती थकली.
वीत्स्के म्हणाली, राबून राबून झिजते बिचारी.
हेच तिनं छापलं, यावरच नाव झालं,
यावरच अकरा वर्षं निभली.

मग इझमीरहून सेविल आली,
बोलण्यात अडखळणारी, हातात न अडखळणारी.
तिनं पेशींना रंग दिला. पेशी दुभंगली की रंग अर्धा,
पुन्हा दुभंगली की पाव.
सहा महिन्यांनी पाहिलं तर
काहींचा रंग जसाच्या तसा.
त्या राबतच नव्हत्या. हाडाच्या कोपऱ्यात
झोपून होत्या.
आणि उंदीर जगवत होत्या त्याच.

वीत्स्के दोन दिवस कुणाशी बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी कॉरिडॉरच्या फळ्यावर खडूनं लिहिलं:
माझं चुकलं होतं. सेविलचं बरोबर आहे.
खाली सही, तारीख.
झाडणाऱ्या बाईनं ते आठवडाभर पुसलं नाही.

पलीकडच्या इमारतीत खरी माणसं असत.
डेल्फझेइलचा एक मुलगा होता, नऊ वर्षांचा,
बहिणीची मज्जा घेतलेला.
वीत्स्के एकदाच काचेपलीकडून त्याला बघून आली.
पुढे दर शुक्रवारी ती तिकडच्या जिन्यापर्यंत जायची
आणि परत यायची.
विचारलं नाही तोवर तो बराच आहे,
असं काहीतरी असावं. मीही विचारलं नाही.

आज दुपारी आम्ही शीतपेटी उघडली.
नायट्रोजनची वाफ पायांवर सांडली.
तिच्या अक्षरातल्या नळ्या, शाई फिकी,
चारशे सतराची एक अजून शिल्लक.
तिनं ती बोटांत धरली, चिमट्यानं धरायची सोडून,
आणि कातडी पोळली तेव्हा शिवी हासडली,
फ्रिशियन भाषेत, आईकडून आलेली.
नळी परत ठेवली. झाकण लावलं.
सायकलवरून गेली, वारा समोरून होता.

सकाळी चौथ्या खोलीचं तापमान अर्ध्या अंशानं चढलं,
सवयीनं तिला फोन लावला.
अकरा वाजले होते.
बहिणीनं उचलला. म्हणाली, झोपलीय अजून.
एकतीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं हे.

मी म्हटलं, उठवू नका.
खिडकी उघडली, तापमान उतरलं.