परत आलेलं

बार्न्झलीत, सट्ट्याच्या दुकानावरच्या मजल्यावर
आठ अठ्ठावन्नला मी हेडफोन चढवते.
'बंद पडलंय,' म्हणतं कुणीतरी.
काय बंद पडलंय, हे लगेच विचारायचं नसतं.
आधी 'अरेरे' म्हणायचं,
मग डोमेनचं नाव.

बेकरीवालीला वेबसाइटवर पावाचा जुनाच भाव दिसतो.
'कॅश रिकामी करा' म्हटलं
तर गल्ल्याचा खण उघडल्याचा आवाज आला.
कुलपं दुरुस्त करणारा एक जण
तिसऱ्यांदा पासवर्ड विसरला.
तो हसेपर्यंत मी हसले नाही.

मग सिरिल हेपलस्टन. वय एक्याऐंशी.
कबुतरांच्या शर्यतींच्या मंडळाचा चिटणीस,
सभासद बेचाळीस, त्यातले नऊ अंथरुणाला.
'आमचं सगळं परत येतंय,' तो म्हणाला.
माझ्यासमोर त्यांचं पान उघडं होतं,
निळसर मानेचा एक पक्षी, पायात कडी.
मी म्हटलं, 'मग चांगलंच की.'
'पत्रं गं पोरी, पत्रं!
शनिवारचा निकाल पाठवला,
बेचाळीसच्या बेचाळीस घरी.'

आमच्या अंकलिपीत क कमळाचा होता.
या गावात, इतक्या उशिरा,
तो कबुतराचा झाला.

नोंदी पाहिल्या. चूक त्याची नव्हतीच.
गेल्या महिन्यात आम्हीच सर्व्हर बदलला होता,
आणि नव्या सर्व्हरला जगात कुणी ओळखत नव्हतं.
हे त्याला कसं सांगावं?
मी इथे आले तेव्हा
खोली भाड्याने देणारी बाई म्हणाली होती,
पगार आहे, ठीक, पण जामीन कोण?
या देशात तुला ओळखणारं कोण?
शेवटी हिशेबखात्यातल्या डोरीनने सही केली,
कागद न वाचता, चहाचा कप हातात धरूनच.

तेच सांगितलं. डोरीन वगळून.
'तुमच्या पत्रांना जामीन नाही, मिस्टर हेपलस्टन.
दारावरचे लोक विचारतात, हे कुणाकडून आलं,
आणि उत्तर द्यायला कुणी नसतं.'
पलीकडे बराच वेळ फक्त केटली.
मग, अगदी गंभीरपणे,
'मी राहतो की जामीन.
साठ वर्षं याच गल्लीत आहे.
वाटलं तर पोस्टमनला विचार.'

एका ओळीची नोंद होती ती.
पोस्टमनला न विचारता मी ती लिहिली,
दोनदा तपासली, एक टिंब राहिलं होतं, ते दिलं.
'आता थांबायचं. अठ्ठेचाळीस तास लागू शकतात.
जगभर पसरावं लागतं तिला.'
या वाक्यावर लोक चिडतात.
मी हेडफोन थोडा लांब धरला.

'अठ्ठेचाळीस?' तो म्हणाला.
'एका साली फ्रान्समधून सोडलेली मादी
एकोणिसाव्या दिवशी आली.
पंख मोडलेला.
शेवटचा रस्ता चालत आली असणार,
तळव्यांवरून कळतं.
मी रोज संध्याकाळी दार उघडं ठेवायचो.
बायको म्हणायची, थंडी आत येते.'
मग म्हणाला, 'बरं, ठेवतो. तुझ्यामागे रांग असेल.'
होतीच. अकरा जण.

मंगळवारी काही नाही.
बुधवारी मी त्याचं तिकीट बंद केलं,
नियमाप्रमाणे आपोआप पत्र गेलं:
आपली अडचण सुटली का? एक ते पाच गुण द्या.

गुरुवारी ते तिकीट पुन्हा उघडलं.
असं झालं की पोटात गोळा येतो.
त्याने गुण दिले नव्हते, लिहिलं होतं:

'शनिवारचा निकाल पुन्हा पाठवला.
बेचाळीसातलं एकही परत आलं नाही.
आयुष्यात पहिल्यांदाच मला याचं बरं वाटतंय.'

उत्तर आलं की तिकीट पुन्हा बंद करायचं असतं.
संध्याकाळी साडेपाचला दिवे मालवले,
खाली कुणाचा तरी घोडा हरल्याचा ओरडा,
आणि मी ते उघडंच ठेवून
जिना उतरले.